एक अब्ज डॉलरच्या रस्त्यात किती नोकऱ्या मावतात?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत मंदी आली की डेमोक्रॅटिक पक्ष म्हणतो, महामार्ग, पूल, बस आणि मेट्रोवर पैसा घाला, लोकांच्या हाताला काम मिळेल. रिपब्लिकन पक्ष म्हणतो, २००९ मध्ये घातला होता, नोकऱ्या कुठे दिसल्या? दोघेही आकडे फेकतात. त्यातले खरे कोणाचे मानायचे?

आकडे बहुधा दोघांचेही खरे असतात. ते एकाच गोष्टीचे नसतात, इतकेच. आणि भांडणाचे नाव नोकऱ्या असले तरी ते मुळात पैसा कोणाच्या खिशातून यायचा, खर्चाची मुखत्यारी कोणाकडे असायची आणि त्यातला वाटा बस-रेल्वेला किती द्यायचा, यावर आहे. हे उलगडायला आधी नोकरी मोजतात कशी ते पाहावे लागेल. तिथेच निम्मा गोंधळ आहे.

एक साधे काम घेऊ. चार लेनचा, दहा मैल लांबीचा रस्ता. वरचा दोन इंचांचा थर मिलिंग मशीनने खरवडून काढायचा आणि तेवढाच नवा डांबरी थर टाकायचा. लेनची रुंदी १२ फूट, मैल ५,२८० फुटांचा, म्हणजे एका लेन-मैलाला ७,०४० चौरस यार्ड. डांबर-खडीचे मिश्रण दर चौरस यार्डाला, दर इंचाला ११० पौंड धरतात. लेन-मैलामागे सुमारे ७७५ अमेरिकी टन झाले, चाळीस लेन-मैलांना ३१,०००. एक पेव्हर, म्हणजे डांबर पसरवणारे यंत्र, बऱ्यापैकी रात्री दीड हजार टन ओढते, तेव्हा वीस-एकवीस रात्रींत काम आटोपते. मिलिंग मशीन, पेव्हर, दोन-तीन रोलर, मागून झाडणारे यंत्र, वाहतूक थोपवणारे झेंडेवाले, फोरमन, तपासनीस आणि डंपरचालक अशी चाळीस माणसे धरा, पाळी दहा तासांची. वीस रात्रींचे ८,००० तास होतात.

आता नोकऱ्या किती? डोकी मोजली तर ४०. मंदी हटवण्यासाठी केलेल्या २००९ च्या रिकव्हरी अ‍ॅक्टच्या तिमाही अहवालात तासांना ५२० ने भागायचे, कारण तेरा आठवडे गुणिले चाळीस तास म्हणजे एक पूर्णवेळ तिमाही. तसे केले तर १५. अर्थशास्त्रज्ञ ज्याला नोकरी-वर्ष म्हणतात, म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतके काम, त्यासाठी २,०८० तासांनी भागायचे. तसे केले तर चारसुद्धा नाहीत. एकच रस्ता, तीच माणसे, आणि ४०, १५, ४ ही तिन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येत बरोबर. आमदार भूमिपूजनाला ४० सांगतो, विरोधक टीव्हीवर ४ सांगतो.

याच्यापुढची चूक तर दोन्ही बाजूंचे लोक करतात. तिमाही आकड्यांची बेरीज. एखादा वेल्डर वर्षभर कामावर असेल तर चारही तिमाहींत तो प्रत्येकी एक म्हणून नोंदला जातो. बेरीज केली की एकाचे चार होतात. आणि उलट बाजूची ठरलेली युक्ती अशी की संपूर्ण पॅकेजची रक्कम घ्यायची, तिला नोंदलेल्या थेट नोकऱ्यांनी भागायचे आणि ‘एका नोकरीला इतके लाख डॉलर’ म्हणून मथळा करायचा. त्या रकमेत करसवलती असतात, बेकारभत्ता असतो, डांबर, पोलाद आणि सिमेंटचा खर्च असतो, हे त्या भागाकारात कुठेच येत नाही.

कामावरच्या चाळीस जणांच्या मागे डांबराचा प्लांट, खडीची खाण, गार्डरेलचा कारखाना ही अप्रत्यक्ष कामे असतात. त्यामागे या सगळ्यांच्या पगारातून चालणारी दुकाने आणि खानावळी, म्हणजे प्रेरित कामे. फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या (केंद्र सरकारच्या महामार्ग खात्याच्या) २००७ च्या मॉडेलमध्ये तिन्ही थर धरून एक अब्ज डॉलरला २७,८२३ नोकऱ्या येत. पण प्रचारात जास्त फिरलेला आकडा ३४,७७९ हा होता. फरक एवढाच की दुसऱ्यात फेडरल अब्जाच्या जोडीला राज्याचे २५ कोटी डॉलर धरले आहेत. २७,८२३ ला सव्वाने गुणा, तोच आकडा येतो. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने २००९ मध्ये ९२,००० डॉलरला एक नोकरी-वर्ष असा ठोकताळा दिला, म्हणजे अब्जाला सुमारे १०,९००. २०११ मध्ये वाहतुकीसाठी तो १३,००० नोकरी-वर्षे झाला. यापुढे कोणी ‘अब्जाला पस्तीस हजार’ म्हणाला की तो जुना, ढोबळ आणि राज्याचा वाटा मिसळलेला आकडा आहे हे ओळखावे. आजच्या मजुरीला आणि साहित्याच्या दरांना तो लावताच येत नाही.

मराठी वाचकाच्या मनातले ‘रस्त्याचे काम म्हणजे रोजगार’ हे समीकरण बहुतेक १९७२ च्या दुष्काळातून आलेले असते: खडी फोडणे, मातीकाम, मस्टरवर हजेरी. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचे प्रमाण ६०:४० राखायचा दंडकच आहे. अमेरिकेत १९३५ च्या डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेने तसेच केले होते, हातात फावडे देऊन. आजचा अमेरिकी महामार्ग याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे यंत्र पुढे असते, माणूस मागे, आणि त्या माणसाला पेव्हरचा स्क्रीड, म्हणजे थर सपाट करणारा भाग, चालवता आला पाहिजे. बंद पडलेल्या कारखान्यातला कामगार किंवा बँकेतून कमी केलेला कारकून सोमवारी त्या जागी उभा राहू शकत नाही. २००९-१० मध्ये हा मुद्दा थोडा बोथट होता, कारण घरबांधणी कोसळल्याने बांधकाम क्षेत्रातच माणसे रिकामी बसली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये त्या क्षेत्रातली बेकारी २७.१ टक्के होती. घरांवर छप्पर घालणारा पुलावर लगेच चालत नाही, पण ट्रकचालक, काँक्रीटवाला, मातीकामाची यंत्रे चालवणारा चालतो.

आता वेळेचा मुद्दा, ज्यावर माझ्या मते रिपब्लिकन टीका सर्वांत जास्त बरोबर होती. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पैसा मंजूर केला म्हणजे राज्याच्या खात्यात रोकड जमा होत नाही. सूत्राने राज्याचा वाटा ठरतो. मग राज्याचे परिवहन खाते एकेका कामासाठी तो बांधून घेते, म्हणजे त्या कामाच्या नावे राखून ठेवते. कंत्राटदार काम करतो, राज्य बिल भरते आणि मग वॉशिंग्टनकडून परतावा मागते. साधारणपणे फेडरल वाटा ८० टक्के, आंतरराज्य महामार्गाला ९०. पैसा बांधून घेण्याआधी ते काम राज्याच्या चार वर्षांच्या कार्यक्रमात असावे लागते, पर्यावरण मंजुरी लागते, भूसंपादन झाल्याचा दाखला लागतो, नकाशे-तपशील-अंदाजपत्रक पक्के लागते. निविदेची जाहिरात किमान तीन आठवडे. मग छाननी, मग कार्यारंभाचा आदेश. नेहमीच्या महामार्ग कार्यक्रमात मंजूर रकमेचा साधारण पाव भागच पहिल्या वर्षी तिजोरीतून प्रत्यक्ष बाहेर पडतो. त्यात उत्तरेकडे, मिनेसोटा-मिशिगनसारख्या राज्यांत, थंडीत डांबराचे प्लांट बंद असतात. ऑक्टोबरात निविदा उघडली तर रोलर मे महिन्यात फिरतो.

रिकव्हरी अ‍ॅक्ट लिहिणाऱ्यांना हे माहीत होते. १७ फेब्रुवारी २००९ ला सही झालेल्या त्या कायद्यात वाहतुकीला सुमारे ४८ अब्ज डॉलर होते: महामार्गांना २७.५, बस-रेल्वे सेवांना ८.४, वेगवान रेल्वेला ८ आणि बाकी विमानतळ, अ‍ॅमट्रॅक ही प्रवासी रेल्वे कंपनी वगैरे. महामार्गांचा फेडरल वाटा शंभर टक्के केला, म्हणजे राज्यांना पदरचे काही घालायला नको. राज्याच्या हातातल्या वाट्यातला निम्मा १२० दिवसांत बांधून घ्या, नाहीतर तो दुसऱ्या राज्याला जाईल, अशी अट घातली. उरलेल्याला एक वर्ष. सगळ्या राज्यांनी मुदती पाळल्या. पण १२० दिवसांत कोणते काम तयार असते? वर सांगितलेले: खरवडा आणि थर टाका. त्याला नवी जमीन लागत नाही, पर्यावरणाची फाईल पातळ असते, नकाशा जुनाच चालतो. त्यामुळे महामार्गांचा जवळजवळ निम्मा पैसा रस्त्याच्या पृष्ठभागावरच गेला. ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी उभारणी’ असे भाषणात सांगून प्रत्यक्षात डांबर टाकले, हा टोमणा खरा आहे. पण ज्या कामांना लगेच माणसे लागतात तीच कामे निवडली गेली, हेही तितकेच खरे आहे. वेग, टिकाऊपणा आणि रोजगार या तीनपैकी दोनच एका वेळी मिळतात. कायद्याने वेग आणि रोजगार मागितले होते. शिवाय मंदीमुळे कंत्राटदार कामाला भुकेले होते, निविदा अंदाजपत्रकाच्या खाली आल्या, आणि उरलेल्या पैशातून राज्यांनी यादीतली पुढची कामे घेतली. हा फायदा फक्त मंदीतच मिळतो.

या कायद्याला प्रतिनिधीगृहात एकाही रिपब्लिकनाने मत दिले नाही. सिनेटमध्ये तिघांनी दिले: सुसान कॉलिन्स, ऑलिंपिया स्नो आणि आर्लेन स्पेक्टर. पुढच्याच वर्षी ओबामांनी स्वतः कबूल केले की लगेच कुदळ मारता येईल अशी कामे प्रत्यक्षात नसतातच.

तरी २०११ मध्ये त्यांच्या सल्लागारांनी पुन्हा तीच चूक केली. ‘अमेरिकन जॉब्ज अ‍ॅक्ट’ या रोजगार विधेयकाच्या प्रचारासाठी २२ सप्टेंबरला ओबामा सिनसिनाटीत ब्रेंट स्पेन्स पुलापाशी उभे राहिले. ओहायो नदीवरचा हा दुमजली पूल १९६३ चा. आय-७१ आणि आय-७५ हे दोन्ही महामार्ग त्याच्यावरून जातात. रोज ८० हजार वाहनांसाठी तो बांधला होता, धावत होती त्याच्या दुप्पट. १९८५ मध्ये लेन वाढवण्यासाठी कडेच्या मोकळ्या पट्ट्याही काढून टाकल्या होत्या, त्यामुळे बंद पडलेली गाडी लेनमध्येच उभी राहते. एका काठाला प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांचे ओहायो, दुसऱ्या काठाला सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांचे केंटकी. फोटोला याहून चांगली जागा नव्हती. पण कामाची पर्यावरण मंजुरीच २०१२ मध्ये झाली. ओबामांचा कायदा त्या आठवड्यात संमत झाला असता तरी तिथे एकही माणूस दोन-तीन वर्षे कामाला लागला नसता. विरोधकांनी ते लगेच दाखवून दिले.

त्या वेळचे मतदान मात्र नीट पाहण्यासारखे आहे, कारण वाद नेमका कशावर होता ते तिथे उघडे पडले. ३ नोव्हेंबर २०११ ला सिनेटमध्ये ६० अब्जांचा प्रस्ताव आला: ५० अब्ज थेट कामांना, १० अब्ज पायाभूत सुविधांच्या बँकेला, पैसा दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ०.७ टक्के अधिभारातून. बाजूने ५१, विरोधात ४९ मते पडली, पण सिनेटमध्ये पुढे जायला ६० लागत होती. त्याच दिवशी रिपब्लिकनांचा पर्यायी प्रस्ताव आला: महामार्गांचा नेहमीचा निधी दोन वर्षे चालू ठेवा, पण पैसा इतर खर्च कापून आणा आणि पर्यावरणाचे काही नियम सैल करा. तो ४७ विरुद्ध ५३ ने पडला. रस्ते नकोत असे दोन्हीकडचा कोणीच म्हणत नव्हता. मतभेद होता श्रीमंतांवर कर की खर्चात कपात, यावर. सभागृहात चर्चा मात्र नोकऱ्यांची होत राहिली.

पैशाचे हे दुखणे जुने आहे. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या काळात हायवे ट्रस्ट फंड निघाला: पेट्रोलवरचा कर त्यात टाकायचा आणि त्यातूनच रस्ते बांधायचे, जो गाडी चालवतो तो भरतो. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के असताना रेगन यांनी हा कर गॅलनला ४ सेंटचा ९ सेंट केला. आज हे कोणाला पटत नाही, पण पेट्रोलवरचा कर वाढवून रस्ते दुरुस्त करा आणि त्यातून सुमारे ३ लाख २० हजार नोकऱ्या येतील, हा हिशेब एका रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाने मांडला होता. फक्त त्याला कर न म्हणता वापरशुल्क म्हटले. वाढलेल्या पाच सेंटांतला एक सेंट सार्वजनिक वाहतुकीला द्यायचे ठरले. महामार्गांना ८०, बस-रेल्वेला २० हा पुढचा अलिखित तह त्याच सौद्यातून आला.

१९९३ पासून हा कर १८.४ सेंटवर गोठलेला आहे, डिझेलवर २४.४. महागाईशी जोडलेला नाही, टक्केवारीतही नाही. तेव्हापासून किमती दुपटीहून जास्त झाल्या, गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या, विजेवरच्या तर पितच नाहीत. वर्षाला १२ हजार मैल चालणारी, गॅलनला २५ मैल देणारी गाडी या करापोटी ८८ डॉलर भरते. सप्टेंबर २००८ मध्ये फंड आटला आणि सर्वसाधारण तिजोरीतून ८ अब्ज ओतावे लागले. तेव्हापासून ओतणे चालूच आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या एकाच कायद्याने ११८ अब्ज ओतले. ‘वापरणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व दोन्ही पक्षांनी मिळून मोडले आहे. रिपब्लिकन कर वाढवू देत नाहीत, आणि डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनीही मध्यमवर्गाला झळ बसेल म्हणून वाढवायचे टाळले. २००९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या वाहतूक समितीचे डेमोक्रॅट अध्यक्ष जेम्स ओबरस्टार सहा वर्षांचा ५०० अब्जांचा आराखडा घेऊन तयार होते. त्यांना थांबवले ते ओबामा प्रशासनाने. राज्यांच्या पातळीवर चित्र वेगळे दिसते: आयोवा, जॉर्जिया, युटा, टेनेसी, साउथ कॅरोलिना अशा रिपब्लिकनांच्या हातातल्या राज्यांनी २०१५ ते २०१७ मध्ये आपापले इंधनकर वाढवले, कारण तिथे खड्ड्याचा जाब थेट विचारला जातो.

बस आणि रेल्वेचा वाद याहून चिवट आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकन नेतृत्वाने पाच वर्षांचे २६० अब्जांचे विधेयक आणले. त्यात इंधनकरातले २.८६ सेंट सार्वजनिक वाहतुकीच्या खात्यात जातात ते काढून घ्यायचे आणि बदल्यात एकदाच ४० अब्ज द्यायचे होते. विधेयक डेमोक्रॅटांमुळे नव्हे, स्वपक्षामुळे बुडाले. शिकागो-न्यूयॉर्कच्या उपनगरांतले रिपब्लिकन लोकलने कामाला जाणाऱ्या मतदारांच्या जिवावर निवडून येतात. त्यांनी हात वर केले. खर्च जास्त म्हणून कडवे रिपब्लिकनही फिरले. इथे पक्षापेक्षा भूगोल जास्त बोलतो.

डॉलरमागे कामे जास्त कशात, रस्त्यात की ट्रान्झिटमध्ये, म्हणजे बस-रेल्वेत? ट्रान्झिटवाले म्हणतात आमच्यात. ते बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण कारण समजून घ्यावे. रुंदीकरणात मोठी रक्कम जमिनीला जाते, आणि जमीन विकत घेतल्याने कोणी कामाला लागत नाही. बसडेपोतल्या दुरुस्तीत ती मजुरीला जाते. भुयारी मेट्रो मात्र या हिशेबात बसत नाही. ती रुंदीकरणाहून संथ असते. मुख्य अडचण निराळी आहे. दोन लाखांहून मोठ्या शहरांतल्या वाहतूक संस्थांना फेडरल पैसा मुख्यत्वे भांडवली खर्चालाच वापरता येतो, चालवायला नाही. २००९-१० मध्ये स्थानिक विक्रीकर घसरल्याने संस्थांकडे पगाराला पैसे नव्हते, आणि केंद्राकडून नव्या बसना येत होते. नवी बस दारात आणि चालक घरी, असा प्रकार अनेक शहरांत झाला. काँग्रेसने जून २००९ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत रक्कम चालवण्याच्या खर्चाला वापरायची मुभा दिली. हिशेबनीसांकडे दुसरी वाट आधीच होती: प्रतिबंधात्मक देखभाल ही फेडरल व्याख्येत भांडवली खर्च धरली जाते. मेकॅनिकांचे पगार त्यात बसवायचे आणि मोकळा झालेला स्थानिक पैसा चालकांना द्यायचा. कागदावर ‘भांडवल’, प्रत्यक्षात वाचलेल्या नोकऱ्या. अहवालात याची नोंद जवळजवळ दिसतच नाही. २०२० च्या महासाथीत काँग्रेसने हा धडा घेतला आणि मार्चच्या पॅकेजमध्ये चालवण्याच्या खर्चासाठी सरळ २५ अब्ज दिले.

नव्या बसमधली नोकरी आणखी एका कारणाने राजकारण्याला नकोशी वाटते. बस धावते एका राज्यात, बनते दुसऱ्यात. मिनेसोटातल्या सेंट क्लाउडच्या न्यू फ्लायर कारखान्याला मार्च २००९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांनी भेट दिली, नव्या पॅकेजचे उदाहरण म्हणून. ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने कामगार कमी केले, कारण शिकागोची मोठी ऑर्डर लांबणीवर पडली होती. केंद्राचा पैसा आला तरी राज्याचा आटला की साखळी तुटते.

यातून खरा कळीचा प्रश्न येतो: केंद्राने रुपया दिल्यावर राज्याने आपला रुपया मागे घेतला का? कायद्यात अट होती की राज्यपालांनी आधी ठरलेला खर्च चालू ठेवण्याची हमी लिहून द्यावी; करच घसरल्याने अनेकांना ती पाळता आली नाही. अर्थशास्त्रज्ञांत यावर एकमत नाही, आणि गंमत म्हणजे मतभेद फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या दोन शाखांतच आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे सिल्व्हेन लेड्यूक आणि डॅनियल विल्सन यांना दिसले की अनुदानाने राज्यांचा महामार्ग-खर्च खरोखर वाढला. सेंट लुईसचे बिल ड्युपॉर यांना दिसले की राज्यांनी स्वतःचा खर्च कमी करून पैसा दुसरीकडे वळवला. मला वाटते दोन्हीत तथ्य आहे. वळवलेल्या पैशातून एखाद्या शिक्षकाची नोकरी वाचली असेल तर नोकरीच्या हिशेबात ते चालते, रस्त्याच्या हिशेबात नाही.

काही राज्यपालांनी पैसाच नाकारला. विस्कॉन्सिनच्या स्कॉट वॉकर यांनी ८१ कोटी, फ्लोरिडाच्या रिक स्कॉट यांनी २.४ अब्ज, ओहायोच्या जॉन केसिक यांनी सुमारे ४० कोटी, सगळे वेगवान रेल्वेचे. पैसा वाचला नाही, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांना गेला. न्यू जर्सीच्या ख्रिस क्रिस्टी यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये हडसन नदीखालचा ८.७ अब्जांचा रेल्वे बोगदा रद्द केला. वाढीव खर्च राज्याच्या बोकांडी बसेल ही त्यांची भीती निराधार नव्हती. वाचलेला पैसा त्यांनी रस्त्यांकडे वळवला, त्यामुळे पेट्रोलवरचा कर वाढवणे काही वर्षे टळले. २०१६ मध्ये राज्याचा वाहतूक निधी आटल्यावर त्यांनाच तो गॅलनला २३ सेंटने वाढवावा लागला.

मजुरीचा वाद थोडक्यात: १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याने २,००० डॉलरच्या वरच्या फेडरल कामांवर त्या भागातला प्रचलित दर द्यावा लागतो. रिपब्लिकन म्हणतात, याने खर्च वाढतो आणि कामे कमी होतात. डेमोक्रॅट म्हणतात, नोकरी द्यायची तर पोट भरणारी द्या. डेव्हिस आणि बेकन दोघेही रिपब्लिकन होते.

२०२१ चा कायदा वेगळ्या हवेत आला. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३०, त्यात १९ रिपब्लिकन. मथळ्यात १.२ लाख कोटी डॉलर, पण त्यात नवे ५५० अब्जच. बाकी एरवीही होणारा खर्च. रस्ते-पुलांना नवे ११०, ट्रान्झिटला ३९. लगेच फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने ‘आधी दुरुस्ती, मग रुंदीकरण’ असे पत्रक काढले आणि रिपब्लिकन सिनेटरांनी राज्यपालांना कळवले की ते बंधनकारक नाही. २०२३ मध्ये ते बदलावे लागले. या वेळी बेकारी चार टक्क्यांच्या आसपास होती, रिकामी माणसे नव्हती. महामार्ग बांधकामाचा खर्च-निर्देशांक दोन-तीन वर्षांत ५० टक्क्यांहून जास्त चढला. म्हणजे ११० अब्जांतला मोठा भाग नव्या कामाऐवजी जुन्याच कामाच्या वाढीव दरात गेला. २००९ ला निविदा खाली येत होत्या, २०२२ ला त्या अंदाजपत्रकाच्या वर जात होत्या. तोच डॉलर, उलटा परिणाम.

जानेवारी २०२३ मध्ये बायडन आणि मॅकॉनेल एकत्र ब्रेंट स्पेन्सपाशी उभे राहिले. शेजारी नवा पूल बांधायला १.६ अब्जांवर अनुदान मिळाले होते. मधली बारा वर्षे पक्षीय वादाइतकीच टोलने खाल्ली. उत्तर केंटकीत टोल कोणालाच नको होता, आणि २०१६ मध्ये राज्याने कायदा करून तो बंदच केला. २०२० च्या नोव्हेंबरात ट्रकची टक्कर होऊन आग लागली आणि पूल सहा आठवडे बंद राहिला, तेव्हा कुठे घाई सुरू झाली.

२०२१ च्या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ ची आहे. पुढच्या कायद्याचा आकडा ऐकाल तेव्हा त्यातून सध्याचा वार्षिक खर्च गुणिले वर्षे एवढी रक्कम आधी वजा करा. उरलेल्याला बांधकामाच्या दरवाढीने भागा. मग ती मंजूर रक्कम आहे, कामांना बांधलेली आहे की तिजोरीतून बाहेर पडलेली आहे, हे तपासा. आणि एखाद्या ठरावीक कामावर खरोखर किती माणसे किती तास होती हे पाहायचे असेल, तर भाषणे आणि मॉडेल दोन्ही सोडून डब्ल्यूएच-३४७ मागा. डेव्हिस-बेकनखाली कंत्राटदार आणि त्याचे उपकंत्राटदार दर आठवड्याला हा प्रमाणित पगारपट राज्याकडे देतात. त्यात कामाचा प्रकार, रोजचे तास आणि दर असतो. माहितीच्या अर्जावर नावे झाकून तो मिळू शकतो.